वास आला तर कळेलच?

पवना, मुळशी, कर्जत, भंडारदरा. धरण किंवा डोंगर दिसेल अशा जागी आता ‘टायनी होम’ भाड्यानं मिळू लागली आहेत. दीड-दोनशे चौरस फुटांत पलंग, ओटा, चिमुकलं बाथरूम आणि वर झोपायला माळा. शनिवार-रविवार काढायला ही घरं मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच एक वाक्य कानावर आलं की माझा संयम सुटतो. बाथरूमच्या आतच गॅस गिझर बसवलेला असतो. त्याबद्दल विचारलं की केअरटेकर म्हणतो, “काळजी करू नका ताई, गॅस गळला तर वास येतोच.” बरोबरचे पाहुणेही माना डोलावतात.

वास येतो तो गळलेल्या एलपीजीला. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. पण बंद बाथरूममध्ये माणसं दगावतात ती बहुतेक वेळा गळलेल्या गॅसनं नव्हे, तर जळलेल्या गॅसनं. ज्वाळेला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मर्कॅप्टन तर ज्वाळेतच जळून गेलेलं असतं. कोणत्या वासाची वाट पाहायची?

एकदा हिशेबच मांडू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण 12 ते 13 घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत जवळपास दोन घनमीटर हवा वापरतो. पाच फूट बाय चार फुटांच्या, सात फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच चार घनमीटर! त्यात थंडी वाजते म्हणून दार घट्ट लावलेलं, झरोक्याला कापड कोंबलेलं, आणि निघायच्या दिवशी सकाळी घरातले चौघं एकामागोमाग आंघोळीला. पहिल्याला काही होत नाही. शेवटच्याच्या वाट्याला काय येतं, याचा विचार कुणी करत नाही. पंधरा मिनिटांसाठी हवेत किती कार्बन मोनॉक्साइड चालेल, याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घनमीटरला 100 मिलिग्रॅम आहे. या बाथरूमपुरतं बोलायचं तर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. सहलीत या सगळ्याला कारणं तयारच असतात: घाट लागला, पित्त झालं, रात्री जागरण झालं. मग माणूस कडी लावलेल्या दाराआड कोसळतो. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नाव देऊन शोधनिबंध लिहिले आहेत. बाथरूममध्ये आलेली फिट ही अपस्माराची समजून रुग्णाला उगाच औषधं सुरू झाल्याची उदाहरणं त्यांत आहेत.

गिझर बाहेर आहे म्हणून निर्धास्त होऊन खोलीत शेगडी किंवा गॅस हीटर घेऊन झोपणारे वेगळेच. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे सहलीला गेलेले केरळचे आठ जण, त्यात चार मुलं, एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. “निखाऱ्यांना धूर नाही, मग भीती कसली?” असं बार्बेक्यूची शेगडी आत ओढताना लोक विचारतात. धूर नसलेला निखाराही भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवून उपयोग नाही, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

तो जड असतो, खाली बसतो, म्हणून मुलांना माळ्यावर झोपवा, हा सल्लाही चुकीचा आहे. खाली बसतो तो गळलेला एलपीजी. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो, आणि गरम हवेबरोबर आधी वरच चढतो.

एक्झॉस्ट फॅन आहे? बाहेरून हवा आत यायला वाट नसेल, तर तो नळीतून बाहेर जाणारा वायूसुद्धा उलटा आत ओढू शकतो. छताला लावलेला धुराचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्याचा अलार्म वेगळा असतो, बॅटरीवर चालतो आणि पिशवीत मावतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला या वायूनं व्यापलेलं रक्त ऑक्सिजननं भरलेलंच वाटतं आणि आकडा 98 दिसत राहतो.

घर ठरवतानाच फोनवर विचारा: पाणी कशावर तापतं आणि गिझर कुठे आहे? बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत असेल तर उत्तम. आत असेल, तर दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. शॉवरचा मोह सोडा. मालकाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

कुणी आत कोसळलंच, तर दार तोडा, श्वास रोखून गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात “चक्कर आली” एवढंच सांगू नका; “गॅस गिझर चालू होता” हे आधी सांगा. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन लावला तर तेच तास-दीड तासात होतं, आणि तो लवकर लावायचा तर डॉक्टरांना कारण कळलेलं असावं लागतं.