पेशीतील ‘कात्री’ परीक्षानळीत

उपासमार झाली की पेशी स्वतःचेच काही घटक पचवून तग धरते. निकामी प्रथिने व जीर्ण भाग आवरणात गुंडाळायचे, त्यांचे विघटन करायचे आणि मिळालेला कच्चा माल पुन्हा वापरायचा, अशी ही व्यवस्था. ख्रिश्चन द दुव यांनी १९६३ मध्ये तिला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी नव्वदच्या दशकात यीस्टमध्ये तिची जनुके शोधली. त्याबद्दल त्यांना २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेतील एक महत्त्वाचे विकर (एन्झाइम) म्हणजे ‘एटीजी-४बी’. त्याचे काम कात्रीचे. ‘एलसी-३’ नावाच्या प्रथिनाचे शेपूट ते कापते. त्यानंतरच हे प्रथिन आवरणाच्या स्निग्ध रेणूला जोडले जाते. काम संपल्यावर तीच कात्री ते प्रथिन सोडवून पुन्हा वापरासाठी मोकळे करते.

मानवी पेशीतून हे विकर पुरेशा प्रमाणात मिळवणे अवघड असते. म्हणून त्याचे जनुक ‘ई. कोलाय’ या जीवाणूत घातले जाते. जीवाणू वाढतात आणि मानवी विकर तयार करतात. त्याला मुद्दाम जोडलेल्या हिस्टिडिनच्या ‘खुणे’मुळे ते निकेलयुक्त स्तंभाला चिकटते, बाकीची प्रथिने वाहून जातात. मग शुद्ध विकर अतिथंड तापमानात साठवले जाते. यालाच ‘रिकॉम्बिनंट’ विकर म्हणतात.

त्याचा उपयोग काय? पेशीत हजारो प्रथिने एकाच वेळी कार्यरत असल्याने एखाद्या रसायनाचा परिणाम नेमका कोणावर झाला, हे कळत नाही. परीक्षानळीत मात्र फक्त कात्री आणि कापायचे प्रथिन असते. त्यात रसायन टाकल्यावर कापण्याचा वेग घटला, की संभाव्य औषधाचा पहिला धागा हाती येतो.

कर्करोगाच्या संशोधनात हा धागा मोलाचा आहे. स्वभक्षण सुरुवातीला गाठ होण्यास अटकाव करते. पण पुढे तीच व्यवस्था अन्न व प्राणवायू कमी पडणाऱ्या कर्कपेशींना जगवू शकते. ती रोखण्यासाठी मलेरियावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या चाचण्या झाल्या आहेत. मात्र ते औषध विघटनाच्या अखेरच्या टप्प्यावर, लायसोसोमवर, काम करते. साहजिकच पेशीची इतर कामेही त्याच्या तडाख्यात सापडतात. त्यामुळे अधिक नेमके लक्ष्य म्हणून ‘एटीजी-४बी’कडे पाहिले जाते.

परीक्षानळीतील यश म्हणजे औषध नव्हे. ते रसायन पेशीत शिरले पाहिजे, तिथल्या इतर विकरांना धक्का लावता कामा नये आणि रुग्णाला सोसलेही पाहिजे. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते, ते उगाच नव्हे. हे विकर गिळल्यास जठर ते इतर प्रथिनांसारखेच पचवून टाकील. शिवाय, स्वभक्षण वाढवायचे की रोखायचे, याचे उत्तर रोग आणि त्याचा टप्पा यांवर अवलंबून आहे. ‘ऑटोफॅजी वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना भुलण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवलेले बरे.