आधी ओहोटी, मग तिकीट

परदेशातली सहल आखताना आपण आधी विमान बघतो, मग हॉटेल, आणि बाकीचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतो. कोस्टारिकातल्या कोर्कोवाडोला पायी जायचं असेल तर हा क्रम चालत नाही. तिथे सगळ्यात आधी बघायची ती ओहोटीची वेळ. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाताना ज्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा पाण्याकडे बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोस्टारिकाच्या दक्षिण पॅसिफिक किनाऱ्यावर ओसा नावाचं द्वीपकल्प आहे. त्यावरचं सुमारे ४२४ चौरस किलोमीटरचं वर्षावन १९७५ साली कोर्कोवाडो राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे सोन्याच्या नादाने नद्यांचे काठ खणणारे लोक जंगलात घुसले. १९८६ मध्ये सरकारने त्यांना बाहेर काढलं. आत सिरेना हे मुख्य वनकेंद्र. तिथपर्यंत मोटाररस्ता नाही. बहुतेक जण चालत जातात, नाहीतर होडीने.

चालायची नेहमीची वाट ला लिओना या किनाऱ्यावरच्या चौकीपासून निघते. अंतर सोळा किलोमीटर. सह्याद्रीत रविवारी भटकणाऱ्याला ते किरकोळ वाटेल. पण यातला बराच भाग भुसभुशीत वाळूतला, भर उन्हातला आहे, आणि पाऊल रुतत चाललं की सोळाचे पंचवीस होतात. मधे नद्या आडव्या येतात, पूल नाहीत. एके ठिकाणी खडकाचं नाक समुद्रात घुसलंय. ओहोटी असेल तरच त्याला वळसा घालता येतो. त्या जागेचं नाव साल्सिपुएदेस, म्हणजे ‘जमलं तर बाहेर पड’. सिरेनाच्या अलीकडची क्लारो नदी ओहोटीला गुडघाभर, तर भरतीला छातीपर्यंत. नद्यांच्या मुखाशी मगरी असतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर बुल शार्क आत येतात. त्यामुळे कधी निघायचं हे आपण नव्हे, पाणी ठरवतं.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. ते गणित तिथे लागू नाही. प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ निराळं. पण चंद्र तोच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, हे कालनिर्णय बघून इथे बसल्या बसल्याही सांगता येईल. नेमकी वेळ मात्र तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची.

आता तिथवर पोचायचं कसं. दोन गावांतून जाता येतं. पहिलं पुएर्तो हिमेनेस. राजधानी सान होसेहून बसने साधारण आठ तास, छोट्या विमानाने तासाभराच्या आत. तिथून काराते या वस्तीपर्यंत चाळीसेक किलोमीटर कच्चा रस्ता, आणि त्यावर धावणारी ‘कोलेक्तिवो’. म्हणजे आपलं वडापच! ट्रकच्या मागे दोन बाजूंना बाकडी, डोक्यावर ताडपत्री, पायाशी किराणा आणि बियाण्याची पोती. ओढ्यात गाडी घालायची तर ड्रायव्हर क्षणभर थांबून पाण्याचा अंदाज घेतो. दोन-अडीच तास लागतात. कारातेहून ला लिओनाच्या चौकीपर्यंत आणखी साडेतीन किलोमीटर वाळू.

दुसरं गाव ड्रेक. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या नावावरून पडलेलं. सान होसेहून आधी पाल्मार नोर्ते, तिथून सिएर्पे, आणि सिएर्पेहून खारफुटीच्या खाड्यांमधून लाँचने तासाभराहून थोडं जास्त. ड्रेकहून पहाटेची होडी दीड तासात सिरेनाला सोडते. धक्का नाही. लाट मागे सरली की चपला हातात घेऊन पाण्यात उडी मारायची आणि पुढची लाट यायच्या आत वाळूवर पळायचं. कॅमेरा जलरोधक पिशवीत नसेल तर त्याची आशा सोडा.

परवान्याचं बघू. २०१४ पासून अधिकृत गाइडशिवाय आत सोडत नाहीत. रोजच्या माणसांची संख्या ठरलेली आहे आणि परवाना पासपोर्टच्या तपशिलावर निघतो. गाइडच तो काढून देतो, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी गाइडशी तारखा पक्क्या करा. ही सक्ती आपल्याला टोचते. वाटाड्या कशाला, वाट तर किनाऱ्याकिनाऱ्यानेच आहे, असं कुठल्याही ट्रेकरला वाटेल.

पण समजा आपण वाळूतून मान खाली घालून चाललोय. गाइड थांबतो. झाडाखाली ओली, नुकतीच कुरतडलेली सालपटं पडलीयेत, वरून अजून टपटप गळतायत. तो वर बोट दाखवतो. पानांत लाल-पिवळे-निळे मकाव पोपट, चांगले हातभर लांब, चोचीने फळं फोडतायत. आणि झाड? आपलं बदामाचं! मुंबईतल्या शाळेच्या मैदानातलं, लाल होऊन गळणाऱ्या मोठ्या पानांचं, ज्याची फळं दगडाने ठेचून आतली इवलीशी बी आपण खाल्ली तेच. आशियातलं हे झाड माणसाबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पोचलं आणि मकावांनी ते आपलंसं केलं. हे बघायला डोळे आपलेच असतात, पण थांबायचं कुठे हे गाइडला ठाऊक असतं. पेकारी या रानडुकरासारख्या प्राण्यांचा कळप दिसायच्या आधी गाइडला त्याचा उग्र वास येतो. दुपारी टॅपिर, तो आखूड सोंडेचा प्राणी, चिखलात कुठे पडून असतो ते तो जाणतो. टेर्सिओपेलो हा विषारी साप पाचोळ्यात वेटोळं घालून पडलेला असताना आपण त्याच्यावरच पाय देऊ. त्याच्या खांद्यावरची तिकाटण्याची दुर्बीण तर निम्मी फी वसूल करते.

सिरेनाला मुक्काम मच्छरदाणीतल्या बंक पलंगांवर. जेवण तिथलंच, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा चकली-चिवड्याचे डबे सान होसेतच संपवा. शाकाहारी असाल तर परवान्याच्या वेळीच सांगून ठेवा, भात आणि काळा घेवडा मिळतोच.

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, पण ‘कोरडा’ हा शब्द तिथे सैल अर्थाने घ्यायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस कळसाला असतो आणि ऑक्टोबरात सिरेना सहसा बंदच असतं. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचा बेत करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

माझं विचाराल तर एका दिवसाची होडीची सहल करू नये. दिवस उजाडताना आणि मावळताना जंगल हलतं, आणि नेमकं तेव्हा आपण होडीत असतो. दोन रात्री ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर येता-जाता दोन्हीकडून होडी घ्या, त्यात कमीपणा नाही. परत चालत यायचं असेल तर मात्र आणखी एक हिशेब करावा लागतो. कारातेहून पुएर्तो हिमेनेसला परतणारी दिवसाची शेवटची कोलेक्तिवो दुपारी चारच्या सुमाराला निघते. त्या दिवशी ओहोटी सकाळची असेल तरच ती गाठता येते.