इतिहासाचा अभ्यास वर्षारंभीच का करावा?

गणिताचा सराव रोज हवा, भाषेचे वाचन रोज हवे, हे सर्वांस पटते. इतिहास मात्र शेवटच्या पंधरा दिवसांत घोकून टाकण्याचा विषय आहे, असा समज विद्यार्थिवर्गात फार रूढ आहे. खालच्या इयत्तांत हा समज कदाचित निभावून जातो. उच्च माध्यमिक परीक्षेत तो निभावत नाही. असे का व्हावे, याचा आपण थोडा विचार करू.

पहिले कारण स्मरणशक्तीचे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच दीर्घकाळ प्रयोग करून १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टी आपण आरंभी झपाट्याने विसरतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा निरनिराळ्या दिवशी केलेली उजळणी कमी श्रमांत अधिक टिकते, असे त्यास आढळले. उजळणीस दिवस हवेत; आणि दिवस तर ज्याने आधी आरंभ केला त्याच्यापाशीच असतात.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. इतिहासात शंका सुचावी लागते, आणि शंका सुचण्यास अवकाश लागतो. पानिपतचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा पराभव झाला व त्यांची सत्ता खचली, एवढे एका रात्रीत पाठ होते. परंतु तोच विद्यार्थी पुढील प्रकरण सावकाश वाचू लागला, म्हणजे त्यास दिसते की अवघ्या अकरा वर्षांनी, १७७२ मध्ये, बादशहा शाह आलम दिल्लीस परतला तो मराठ्यांच्या आश्रयाने! १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळ सालबाईचा तह झाला, त्यात महादजी शिंदे यांचे वजन इंग्रजांनाही मानावे लागले. मग सत्ता खचली ती केव्हा? थोरले माधवराव १७७२ मध्ये, महादजी १७९४ मध्ये आणि नाना फडणीस १८०० मध्ये निवर्तले. १८०२ मध्ये होळकर व शिंदे यांच्या फौजा पुण्याजवळ परस्परांशी झुंजल्या, दुसरा बाजीराव वसईस गेला व तेथे त्याने इंग्रजांशी तह केला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. ही साखळी एकदा ध्यानी आली की ‘पानिपतचे परिणाम सांगा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही. ते सुचू लागते. परीक्षकास हवे असते ते हेच.

आता तयारीची रीत. एक स्वतंत्र वही करावी. पानाच्या डाव्या बाजूस घटना व सन, उजव्या बाजूस कारणे व परिणाम लिहावेत. आठवड्यातून एकदा उजवी बाजू हाताने झाकून ती तोंडी सांगून पाहावी. प्रत्येक प्रकरणासोबत नकाशा स्वतः काढावा. दिल्ली, पुणे व पानिपत यांतील अंतर डोळ्यांपुढे आल्यावाचून भाऊसाहेबांच्या फौजेची उपासमार नीट समजत नाही. सहामाही परीक्षेपर्यंत वाचन व टिपणे, तेथून पुढे आठवड्यास एक दीर्घोत्तर घड्याळ लावून लिहिणे, आणि अखेरचा महिना केवळ उजळणीस, अशी विभागणी आम्हांस सोयीची वाटते. जमेल तेव्हा मूळ साधनांकडेही वळावे. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाचा फारसी वृत्तान्त आणि मराठी बखर यांत एकच लढाई दोन नजरांनी दिसते. कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिले, हे विचारण्याची सवय तेथे लागते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मुलांस तर हा विषय परका नाहीच. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस तळ दिला, त्यावरून तेथील वस्तीस ‘लष्कर’ हे नाव पडले. इंदूर व बडोदे येथील मराठी वस्तीही होळकर व गायकवाड यांच्या कारभारामुळेच वाढली. आपले पूर्वज येथे का आले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच प्रकरणांत दडलेले आहे. घाईने वाचणाऱ्यास तेथे केवळ सनावळी दिसेल. वेळ राखून वाचणाऱ्यास आपल्या घराची वाट दिसेल. गुण तर मिळतीलच. पण परीक्षा संपल्यावरही जे ज्ञान आपल्यापाशी उरेल, त्यासाठी आजच वही उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.