बुडालेल्या वह्या आणि उरलेल्या वह्या

चाकणहून शिंदे-वासुलीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची कुंपणे लागतात. कंटेनरच्या रांगा, सुट्या भागांचे ट्रक, पाळी सुटल्यावर बसची वाट पाहणारे कामगार. आणि निळ्या पत्र्यांच्या छपरांमागे एक डोंगर दिसतो, भामचंद्राचा. तुकोबांना साक्षात्कार झाला तो भामगिरी हाच, असे वारकरी परंपरा मानते. इथून नैऋत्येला भंडाऱ्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याच्या बाजूला इंद्रायणीकाठी देहू, नदीच्या प्रवाहाने खाली गेले की आळंदी. वाटेवर सुदुंबरे, जिथे तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे यांची समाधी आहे. देशातल्या मोठ्या वाहन-उद्योगाच्या पट्ट्यांपैकी एक ज्या भूमीवर उभा राहिला, तीच भूमी मराठीतल्या सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या ग्रंथाची जन्मभूमी आहे.

या भूमीविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून खरोखर कोरड्या वर आल्या का? भाविक ‘हो’ म्हणतो, चिकित्सक ‘नाही’ म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पुराव्याला विचारायचा प्रश्न हा नव्हेच. तो कोणता असावा, हे समजून घेण्यासाठी आधी थोडे दूर, पश्चिम आशियात जावे लागेल. धर्मग्रंथ एका हातात आणि कुदळ दुसऱ्या हातात घेऊन केलेल्या संशोधनाचा सर्वांत लांब अनुभव तिथला आहे.

यरीहोचा तट आणि कुमरानची गुहा

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरीचा तट रणशिंगांच्या नादाने आणि लोकांच्या घोषाने कोसळल्याची कथा आहे. 1930 च्या दशकात जॉन गार्स्टँग या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केले. त्यांना पडलेले तट सापडले आणि हाच यहोशवाच्या काळचा तट, असे त्यांनी जाहीर केले. ग्रंथाला पुरावा मिळाला म्हणून अनेकांना आनंद झाला. पुढे 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केन्यन यांनी तेच टेकाड थर मोजत, खापरे तपासत अधिक बारकाईने खणले. निष्कर्ष उलटा निघाला. गार्स्टँग यांचे तट यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या कित्येक शतके आधीचे होते, आणि त्या काळात यरीहोला म्हणण्यासारखी तटबंदी असल्याचा पुरावाच मिळाला नाही. पुरावा शोधायला गेलेल्या माणसाला पुरावा दिसतो, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा मृत समुद्राकाठचा. 1947 च्या सुमारास कुमरानजवळच्या एका गुहेत बदाउनी मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया या संदेष्ट्याचे संपूर्ण पुस्तक होते, इसवी सनापूर्वीच्या काळातले. तोवर हिब्रू बायबलच्या ज्या मोठ्या हस्तलिखितांवर अभ्यासक विसंबून होते, ती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातली. म्हणजे एका उडीत हजार वर्षे मागे जाता आले. ताडून पाहता यशयाचा मजकूर बहुतांशी जुळला, मात्र किरकोळ फरक शेकड्यांनी निघाले. यिर्मयाच्या पुस्तकाचे तर दोन निरनिराळे पाठ, एक लांब आणि एक आखूड, त्याच परिसरातल्या गुहांत नांदत होते.

या गुंडाळ्यांनी यशयाची भाकिते खरी की खोटी, हे सांगितले नाही. सांगितले ते वेगळेच: हा ग्रंथ कोणी जपला, किती काळजीने उतरवला आणि एकाच वेळी त्याची किती रूपे लोकांच्या हातांत होती. कुदळीला उत्तर देता येते ते अशाच प्रश्नाचे.

एकाच घटनेचे चार साक्षीदार

आता इंद्रायणीकडे परत येऊ. वह्या बुडवल्याची कथा आज आपल्या डोळ्यांपुढे येते ती बहुधा 1936 च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातून किंवा महिपतींच्या ओव्यांतून. महिपतींचे ‘भक्तलीलामृत’ 1774 चे, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर सुमारे सव्वाशे वर्षांचे. त्यात कथा भरीव, प्रसंगांनी सजलेली आहे. पण त्याहून जुने साक्षीदार उपलब्ध आहेत आणि त्यांचे म्हणणे वेगवेगळे ऐकायला हवे.

पहिले साक्षीदार खुद्द तुकोबा. आपली जात, व्यवसाय, दुष्काळात बायकोचा अन्नावाचून झालेला मृत्यू, देवळाचा जीर्णोद्धार हे सारे सांगणारा त्यांचा आत्मचरित्रपर अभंग प्रसिद्ध आहे. त्यात वह्या बुडवल्याचा, धरणे धरून बसल्याचा आणि नारायणाने समाधान केल्याचा उल्लेख येतो. लक्षात घ्यावे, इथे वह्या वर आल्याचे शब्द नाहीत. कोणी बुडवायला लावल्या, तेही नाही. आहे ते फक्त समाधान. त्यांच्याच दुसऱ्या एका अभंगात मात्र देवाने पाण्यात कागद राखल्याचे आणि लोकनिंदा टळल्याचे ते कृतज्ञतेने म्हणतात.

दुसऱ्या साक्षीदार बहिणाबाई. तुकोबांच्या हयातीत देहूला येऊन राहिलेल्या या शिष्येच्या अभंगात तेरा दिवस वह्या पाण्यात घालून वाचवल्याचा निर्देश आहे. तिसरे साक्षीदार वाघोलीचे रामेश्वर भट, आधी विरोधक आणि मग शिष्य. त्यांच्या नावावरच्या अभंगात दगडांसकट वह्या पाण्यावर तरल्याचे वर्णन येते. चौथे महिपती, ज्यांच्याकडे पूर्ण आख्यान तयार आहे.

चौघांना एका ओळीत उभे केले की कथा वाढत जाताना दिसते: समाधान, मग राखलेले कागद, मग तरंगणाऱ्या वह्या, मग आख्यान. यावरून ‘काही घडलेच नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उलट, शूद्र म्हणवणाऱ्या कवीच्या वह्या बुडाल्या आणि त्याने अन्नपाणी सोडून धरणे धरले, हा गाभा समकालीन साक्षींत पक्का आहे. वेदार्थ मराठीत सांगण्याचा अधिकार कोणाला, हा त्या काळचा जिवंत वाद त्यामागे आहे. चमत्काराच्या वादात आपण हा वाद विसरतो, आणि तुकोबांसाठी तर तोच प्राणावर बेतलेला होता.

चाकणच्या तेल्याची वही

नदीतल्या वह्यांचे काय झाले, हे नदी सांगणार नाही. पण नदीबाहेरच्या वह्या बोलतात. तुकोबांचे अभंग कीर्तनात उभे राहिले. मागे टाळकरी ध्रुवपद धरत आणि त्यांतले काही जण अभंग उतरवून घेत. त्यांत कडूसचे गंगाजी मवाळ आणि चाकणचे संताजी तेली जगनाडे ही नावे परंपरेने आदराने सांभाळली आहेत. एक ब्राह्मण, एक तेली. मोगलांची धाड चाकणवर आली तेव्हा संताजींनी जीव धोक्यात घालून वह्या वाचवल्या, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील तपासणे अवघड आहे, पण लोकांच्या आठवणीत या तेल्याचे मोठेपण घाण्यापाशी नव्हे, वहीपाशी आहे, एवढे ती सांगते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथेची चिकित्सक आवृत्ती तयार केली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा त्यांनी आधार घेतला. ही आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 मध्ये दोन भागांत निघाली. साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा हा गाथा पुढे प्रमाण मानला गेला. त्यानंतर ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी जगनाडे घराण्यातल्या वह्यांवरून 1919-20 मध्ये ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. त्यात अभंग कितीतरी कमी आणि शब्दांची रूपे अनेक ठिकाणी वेगळी, बोलीला जवळची.

‘अस्सल’ हा शब्द वादाचा ठरला, आणि ते योग्यच झाले. एका टाळकऱ्याच्या वहीत नाही म्हणून अभंग तुकोबांचा नाही, असे म्हणता येत नाही. संताजी प्रत्येक कीर्तनाला हजर असतीलच असे नाही. दुसरीकडे, ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा जोडायला कोणालाच अडचण नव्हती, म्हणून मोठ्या गाथ्यातला प्रत्येक अभंग तुकोबांचा, असेही म्हणता येत नाही. इथे पाठचिकित्सेचा एक साधा नियम उपयोगी पडतो. नक्कल करणारा अवघड, गावठी वाटणाऱ्या शब्दाच्या जागी सोपा, शिष्ट शब्द घालतो, त्याउलट सहसा करत नाही. म्हणून दोन पाठांत जो खडबडीत, तो बहुधा जुना. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही अशाच तत्त्वांवर. तेल्याच्या वहीचे मोल या नियमाने कळते: तिच्यात तुकोबांचा शब्द पंडितांच्या हाताखालून जाण्याआधीचा भेटण्याची शक्यता आहे.

ही चिकित्सा बाहेरून आली, असे मात्र समजू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी मजकूर बिघडला होता, हे त्यांनी स्वतः नोंदवले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावले. आळंदीला समाधीच्या गळ्याशी अजानवृक्षाची मुळी लागली होती, ही कथा आपण ऐकतो. त्याच नाथांनी प्रतींवर प्रती ठेवून पाठ ठरवले, हेही तितकेच लक्षात ठेवायला हवे. भक्ती आणि पाठशुद्धी यांचे वैर आपल्याकडे नव्हते.

डोंगर काय सांगतो

वहीइतकाच डोंगरही दस्तऐवज आहे. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीचा परिसर पायी तुडवला. 1962 च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: देहूच्या आसपास तुकोबा जिथे एकांताला जात, तिथे बौद्ध लेणी आहेत आणि त्या परिसरात सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातली नखाएवढी दगडी पाती, सापडतात. शिकाऱ्यांच्या वाटा, मग भिक्षूंची लेणी, मग विठ्ठलभक्ताचा एकांत. माणसे बदलली, देव बदलले, जागेचे पावित्र्य मात्र टिकले. तुकोबांना साक्षात्कार झाला की नाही, हे पाती सांगत नाहीत. पण रानात, गावकुसाबाहेर, वेदशाळेपासून दूर अशा जागा त्यांनी का निवडल्या असतील, याचा विचार करायला ती भाग पाडतात.

2008 मध्ये शिंदे-वासुली भागातल्या एका कंपनीच्या संशोधन केंद्राला वारकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तो प्रकल्प तिथे झाला नाही. त्या वेळी बोलले गेले ते मुख्यतः नदीच्या प्रदूषणाविषयी आणि पावित्र्याविषयी. त्यासोबत हेही बोलायला हवे की सपाटीकरणाचे यंत्र एका दिवसात जे थर उपसते, ते कोणत्याही उत्खननाला पुन्हा लावता येत नाहीत.

आणि वह्यांचे काय? खेड, मावळ, हवेलीतल्या कितीतरी जुन्या घरांत देव्हाऱ्याजवळ किंवा माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली बाडे असत. जमिनीचा मोबदला आला, वाडा पाडून बंगला झाला, मोडी वाचणारे आजोबा गेले. मग जीर्ण पोथीचे काय करायचे, तर रीत सांगते तसे विसर्जन. भावना शुद्ध असते, पण ती पोथी पुन्हा वर येत नाही.

देहूच्या गाथा मंदिरात आज अभंग संगमरवरावर कोरलेले आहेत. ते आता बुडणार नाहीत. पण तो छापील पाठ आहे, ठरून गेलेला. न ठरलेला पाठ माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत असे एखादे बाड हाती लागले, तर ते इंद्रायणीला देण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत एकदा दाखवावे. कदाचित त्यात फक्त जमाखर्च निघेल. कदाचित कुणा टाळकऱ्याने घाईघाईत उतरवलेला, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेला एखादा अभंग निघेल.