जर्किन जाड, पट्टा सैल



पौषातली पहाट होती. निफाडकडची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या आसपास आला, की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशाच एका पहाटे माझी लेक सासरी निघाली. जावईबापू मोटार घेऊन आले होते. अडीच वर्षांच्या नातवाला मीच स्वेटर घातला, त्यावर जाडजूड जर्किन चढवले, लहान मुलांच्या सीटवर बसवले आणि पट्टे ओढून घेतले. मनात म्हटले, आता काळजी नाही.

गावाबाहेर एक गाय आडवी आली. जावईबापूंनी जोरात ब्रेक दाबला. मोटार थांबली, पण पोराचे दोन्ही खांदे पट्ट्यांतून निसटले आणि तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. ओठ फुटला, एवढ्यावरच निभावले. संध्याकाळी लेकीचा फोन आला, "आबा, पट्टे तर तुम्हीच ओढले होते ना?" मला उत्तर सुचेना.

उत्तर मिळाले ते कडब्याच्या गाडीवरून. पेंढ्या रचून दोर कितीही ताणा, गाडीने थोडे धक्के खाल्ले की पेंढ्या दबतात आणि दोर ढिला पडतो. म्हणून जाणता गाडीवान वाटेत उतरून दोर पुन्हा आवळतो. जाड जर्किनचेही तसेच आहे. त्याच्या फुगीरपणात बहुतेक हवाच असते. धक्का बसला की ती दबते आणि पट्टा सैल पडतो. फरक इतकाच, की अपघातात उतरून पट्टा आवळायला वेळ मिळत नाही.

कोणी म्हणेल, सीट कशाला, आईची मांडी काय वाईट? थोडा हिशेब करा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे मूल एक क्विंटलाहून अधिक जोराने पुढे ओढले जाते. एवढे ओझे अचानक कोणाच्या हातात राहील? मायेला तोटा नसतो, पण हाताच्या ताकदीला मर्यादा असते.

घरीच करून पाहा

मुलाला जर्किनसह सीटवर बसवा आणि पट्टे नीट आवळा. मग पट्ट्यांचे माप न बदलता मुलाला बाहेर काढा, जर्किन उतरवा आणि पुन्हा तेच पट्टे लावा. मधे किती जागा राहते ते डोळ्यांनीच दिसेल. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत पट्ट्याची घडी आली, तर तो सैल आहे असे समजा.

मग थंडीचे काय?

थंडीही खरीच आहे. लहान मुलाचे अंग वजनाच्या मानाने मोठे, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. तेव्हा असे करा :

१. अंगाबरोबर बसणारे पातळ कपडे एकावर एक घाला. पायांत मोजे आणि डोक्याला कानटोपी असू द्या.

२. आधी पट्टे अंगासरसे आवळा, मग वरून गोधडी किंवा शाल पांघरा. पट्ट्याच्या खाली किंवा पाठीमागे काही घालू नका. तोंड उघडे ठेवा.

३. गाडीत ऊब आली की पांघरूण काढा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका. मानेमागे हात लावून पाहा. तिथे घाम असेल, तर कपडे जास्त झाले.

४. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून, मागच्या बाकावरच बसवा. पुढे एअरबॅग असेल, तर तिथे अशी सीट मुळीच लावू नका.

५. गाडी गरम व्हावी म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बंद गाडीत शेगडीही नको. त्या विषारी वायूला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो.

मोटारसायकलवाल्यांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांकडे मोटार नाही, मोटारसायकल आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला मोटारसायकलवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आतच हवा. मुलाला टाकीवर बसवू नका. सगळा वारा त्याच्याच छातीवर येतो. शालीची किंवा ओढणीची टोके लोंबती ठेवू नका, ती चाकात जातात. आणि शक्य असेल, तर पहाटेचा प्रवास टाळून ऊन पडल्यावर निघा. मोटारीतही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेले, तर २०१९ च्या सुधारित कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, लेकरासाठी करा.

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मूल बसवण्याबद्दल काय सांगावे? तिथे कोणत्याच ऋतूत बसवू नका.

यंदाच्या हिवाळ्यात नातू पुन्हा आला होता. निघताना त्यानेच जर्किन काढून माझ्या हातात दिले. मी पट्टे आवळले, चिमटीने तपासले आणि वरून त्याच्या आजीची गोधडी पांघरली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी अंगणात उभा होतो. जर्किन हातातच होते.