जेरेझचा शनिवार

१९ जुलै २०२०. कोरोनामुळे लांबलेला मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींचा हंगाम स्पेनमधल्या जेरेझच्या ट्रॅकवर, रिकाम्या स्टँडसमोर अखेर सुरू झाला. मोटोजीपीत सहा वेळा जगज्जेता ठरलेला मार्क मार्केझ पाचव्या फेरीत ट्रॅकबाहेर गेला, सोळाव्या क्रमांकावर घसरला आणि मग एकेकाला मागे टाकत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला. शर्यत २५ फेऱ्यांची. जेमतेम चार फेऱ्या उरल्या असताना तिसऱ्या वळणावर त्याच्या होंडाचं मागचं टायर निसटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याने पुन्हा पकड घेतली. ट्रॅकवर गाडी चालवणारे याला ‘हायसाइड’ म्हणतात. पुढचं टायर निसटलं तर रायडर गाडीबरोबर नुसता घसरत जातो. हायसाइडमध्ये गाडी त्याला हवेत भिरकावते. मार्केझ खडीत कोलमडला, आणि मागून लोळत आलेल्या गाडीचं पुढचं चाक त्याच्या उजव्या दंडावर आदळलं. एअरबॅगचा सूट २०१८पासून सक्तीचा आहे, पण तो खांदे, छाती आणि पाठ सांभाळतो. दंडाचं हाड मोडलं.

इथपर्यंतची गोष्ट या खेळात नवी नाही. पुढच्या सहा दिवसांत जे झालं, त्याची किंमत मार्केझने चार वर्षं मोजली.

मंगळवारी बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली. हाडावर टायटॅनियमची प्लेट आणि १२ स्क्रू बसले. पुढची शर्यतही जेरेझलाच, त्याच रविवारी होती. गुरुवारी त्याला वैद्यकीय तपासणीत हिरवा कंदील मिळाला आणि शनिवारी तो खरोखरच गाडीवर बसला. सरावाची दोन सत्रं त्याने रेटली. पात्रता फेरीच्या वेळी मात्र हात उत्तर देईना, तेव्हा माघार घेतली. ३ ऑगस्टला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, कारण प्लेटच मोडली होती. घरातली खिडकी उघडताना हे झालं, असं तेव्हा सांगण्यात आलं. बिचारी खिडकी! शनिवारच्या ब्रेकिंगचा ताण सोसून खिळखिळ्या झालेल्या प्लेटला एवढा धक्काही पुरला.

पण या घाईचं खापर एकट्या मार्केझवर फोडणं बरोबर नाही. मोटारसायकल शर्यतींत दुखणं अंगावर काढणं हा जुना रिवाज आहे आणि त्याचे पोवाडेही गायले जातात. १९९२मध्ये नेदरलँड्सच्या असेन ट्रॅकवर ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहनचा उजवा पाय मोडला. पाय कापावा लागेल अशी वेळ आल्यावर इटलीचे डॉ. क्लाउडिओ कोस्टा यांनी रक्तपुरवठा टिकवण्यासाठी त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. डूहन त्याच हंगामातल्या शेवटच्या दोन शर्यतींना परतला आणि विजेतेपद अवघ्या चार गुणांनी हुकलं. उजवा घोटा पूर्वीसारखा वळेना, म्हणून मागचा ब्रेक हाताच्या अंगठ्याने दाबायची सोय करून घेतली आणि १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विजेतेपदं जिंकली.

२०१३मध्ये याच असेनला होर्हे लोरेन्झोचं कॉलरबोन गुरुवारी मोडलं. तो बार्सिलोनाला उडाला, प्लेट बसवून घेतली आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा आला. जगभर वाहवा झाली. दोन आठवड्यांनी जर्मनीतल्या झाक्सनरिंगला तो पुन्हा पडला आणि प्लेट वाकली, हे मात्र फारसं कुणी आठवत नाही. त्या वर्षीचं विजेतेपद लोरेन्झोने चार गुणांनी गमावलं. ते ज्याने पटकावलं तो वीस वर्षांचा नवखा पोरगा म्हणजे मार्क मार्केझ. लोरेन्झोच्या घाईचा हिशेब त्याच्याइतका जवळून कुणी पाहिला असेल?

हे फक्त नामांकितांपुरतं नाही. पुण्या-मुंबईहून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक डेसाठी जाणारे हौशी रायडरही प्लास्टर ओलं असतानाच पुढची तारीख विचारतात. त्यांच्यामागे ना प्रायोजक, ना करार. तरी घाई तीच.

मार्केझचा २०२०चा हंगाम तिथेच संपला आणि त्याच्याविना होंडाला वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही. डिसेंबरमध्ये माद्रिदला तिसरी शस्त्रक्रिया झाली, तब्बल आठ तासांची. हाड जुळलेलं नव्हतं, शिवाय आत जंतुसंसर्ग निघाला. कमरेचं हाड काढून दंडात भरावं लागलं. एप्रिल २०२१मध्ये तो पोर्तुगालला परतला, सातवा आला आणि गॅरेजमध्ये येऊन रडला.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याने झाक्सनरिंग जिंकलं. विजयाशिवाय ५८१ दिवस गेले होते. कौतुक झालं, पण ट्रॅकचा नकाशा पाहिला तर वेगळंच कळतं. झाक्सनरिंगच्या तेरा वळणांपैकी दहा डावी आहेत. पुढचा विजय ऑस्टिनला, तोही डाव्या वळणांचं पारडं जड असलेला ट्रॅक. उजवा दंड अजून साथ देत नव्हता. मिझानोला त्या हंगामातला तिसरा विजय मिळाला खरा, पण तिथे आघाडीवरचा रायडर बान्याया पडला होता. त्यानंतर सरावात पडून डोक्याला मार बसला आणि एकाचे दोन दिसू लागले. मार्च २०२२मध्ये इंडोनेशियात पुन्हा हायसाइड, पुन्हा तेच दुखणं.

खरा निर्णय आला तो जून २०२२मध्ये. दंडाचं हाड सुमारे ३४ अंशांनी फिरून जुळलं होतं, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ तो वाकड्या हाताने गाडी चालवत होता. ऐन हंगामात, स्वतःहून थांबून तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गेला. सर्जननी हाड कापून, फिरवून पुन्हा बसवलं. या वेळी सप्टेंबरपर्यंत त्याने शर्यतीचं नाव काढलं नाही.

हात सुधारला, तर गाडी मागे पडलेली. २०२३मध्ये तो २९ वेळा पडला. झाक्सनरिंगला एकाच आठवड्याअखेर पाचदा पडल्यावर त्याने रविवारची शर्यतच सोडली. जेरेझच्या शनिवारशी ताडून पाहिलं तर हा फरक मोठा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. बुद्ध सर्किटवर तो स्प्रिंट या छोट्या शर्यतीत तिसरा आला, तर मुख्य शर्यतीत पडूनही नववा. वर्षअखेरीस करार एक वर्ष उरलेला असताना त्याने होंडा सोडली आणि ग्रेसिनी या खासगी संघात, धाकटा भाऊ आलेक्सच्या शेजारी, आदल्या वर्षीची डुकाटी घेतली. सप्टेंबर २०२४मध्ये अरागॉनला १०४३ दिवसांनी विजय मिळाला.

२०२५मध्ये डुकाटीच्या मुख्य संघाकडून अकरा शर्यती आणि चौदा स्प्रिंट जिंकून त्याने २८ सप्टेंबरला जपानच्या मोटेगीत सातवं मोटोजीपी विजेतेपद नक्की केलं. आधीच्या विजेतेपदाला २१८४ दिवस झाले होते.

आठवडाभरातच इंडोनेशियात, पहिल्याच फेरीत मार्को बेझेकीची गाडी मागून येऊन आदळली आणि मार्केझच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रियेविना उपचार करून पाहिले, हाड स्थिर राहीना म्हणून मग शस्त्रक्रिया केली. चार शर्यती उरल्या होत्या. त्याच्या गाडीवर ऑस्ट्रेलियात मिकेले पिर्रो बसला, पोर्तुगाल आणि व्हॅलेन्सियाला निकोलो बुलेगा.