दोन इंजिनांची सहारा

सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९६० च्या सुमारास आपल्या चिमुकल्या '२सीव्ही' गाडीची 'सहारा' आवृत्ती काढली. वाळूत चारही चाकं फिरायला हवीत, म्हणून पुढे ४२५ सीसीचं एक इंजिन आणि डिकीत तसंच दुसरं! पुढची-मागची चाकं जोडणारा दांडा नाहीच. दोन्ही गिअरबॉक्सना मात्र गिअरचा दांडा एकच. पेट्रोलच्या दोन टाक्या पुढच्या सीटांखाली, त्यांची तोंडं दारांना पाडलेल्या भोकांतून बाहेर डोकावणारी. एक इंजिन रुसलं तरी दुसऱ्यावर गाडी घरी पोहोचायची. वाळवंटात ही चैन नव्हे, गरजच. पण सगळंच दुप्पट, त्यामुळे किंमतही तशीच. सातशेच्या आतच गाड्या बनल्या.